बकरीचा रकाना

"पैसा हातमा उना, का मानूस पह्यले खोटं बोलनं सोडी देस," असं सुभद्राबाई एकदा म्हणाली होती.

हातात पैसा आला की माणूस सगळ्यात आधी खोटं बोलणं सोडतो, असा त्याचा अर्थ. ऐकणाऱ्याला हे उफराटं वाटायचं. पैसेवाले किती खोटं बोलतात हे सुरतेत कुणाला शिकवावं लागत नाही. पण सुभद्राबाई स्वतःबद्दल बोलत होती, आणि स्वतःच्या खोटेपणाबद्दल तिच्याइतकी माहिती दुसऱ्या कुणाला नव्हती. नऊ वर्षं ती दर उन्हाळ्यात एक खोटं बोलत आली होती, आणि तेही पोटच्या मुलीशी.

ती मूळची शिंदखेड्याकडची. नवरा गेला तेव्हा भटू अठराचा होता आणि उषाचं नुकतंच लग्न झालेलं. मायलेक सुरतेला आले, पण शहरात शिरलेच नाहीत. तापीच्या पलीकडे, अमरोलीच्या पुढे कोसाड गाव आहे. तिथल्या एका पाटलाच्या उसाच्या बांधाला त्यांनी झोपडी घातली. गावाकडून आलेली माणसं कापडाच्या लूमवर रात्रपाळी करून पिवळी पडत होती. सुभद्राबाई म्हणायची, "आपण मातीतच बरे. माती खोकला देत नाही." मग उसाची खुरपणी, भेंडीची तोडणी, तुरीची झोडणी. काम असेल त्या दिवशी चूल पेटे आणि नसेल त्या दिवशीही पेटे, पण तिच्यावर पाणीच जास्त उकळे. भटूचं लग्न झालं, प्रमिला घरात आली. ती बोलायला तिखट होती आणि कामाला त्याहून तिखट. झोपडीत तिघं, आणि पावसाळ्यात एक ओलसर वास, तो चौथा.

खानदेशात आखाजीला, म्हणजे अक्षय तृतीयेला, लेकीला माहेरी आणतात. बाकीचे सण सासरी काढता येतात, हा येत नाही. लेक आपली आपण निघून येत नाही. माहेरचा माणूस मुराळी होऊन तिला घ्यायला जातो, तेव्हा सासू तिला सोडते. आल्यावर पुरणाचे मांडे, आंब्याचा रस, झाडाला झोका. परत पाठवताना बोळवण करायची, म्हणजे लेकीला लुगडं, जावयाला टोपी-टॉवेल आणि बरोबर शिदोरी. यातलं एक जरी चुकलं तरी लेकीला वर्षभर त्याचं ऐकावं लागतं. मुराळ्याचं जायचं-यायचं भाडं धरलं तर हा सण सुभद्राबाईच्या दोन महिन्यांच्या मजुरीएवढा होता.

म्हणून ती निरोप धाडायची. गावाकडे जाणारा कुणी भेटला की त्याच्याजवळ सांगायची. एका वर्षी भटूचा पाय मोडला. एका वर्षी त्याला ताप आला. पाटील सुट्टी देत नाही, असं एका वर्षी सांगितलं. सुरतेत प्लेग आला त्याच्या पुढच्या उन्हाळ्यात तिने "इथे अजून प्लेग आहे, लेकीचा जीव धोक्यात कशाला घालू" असा निरोप पाठवला. प्लेग दिवाळीआधीच गेला होता, हे रेल्वेतल्या शेंगदाणेवाल्यालाही ठाऊक होतं. त्या वर्षी उषाचा उलट निरोप आला, "मायला सांग, पुढच्या वर्षी कारण जरा नवं धाड."

तो निरोप ऐकून सुभद्राबाई हसली होती. मग बांधावर जाऊन बराच वेळ उसाकडे पाहत बसली होती. नऊ वर्षांत लेक तिला दोनदाच दिसली, एकदा कुणाच्या लग्नात आणि एकदा कुणाच्या दहाव्याला.

सत्त्याण्णव सालच्या चैत्रात पैसे आले.

सुरतेत गोपीपुऱ्यात एका जरीवाल्या शेठाच्या नावाचा ट्रस्ट होता. शेठ वारले होते, कारभार त्यांच्या सुनेकडे, मंछाबेनकडे. हा ट्रस्ट गरिबांना शिवणयंत्रं वाटत असे. ज्यांना शिवता येत नसे ते ती शनिवारच्या बाजारात विकत. एकदा मंछाबेनच्या दारात फेरीवाला एक यंत्र घेऊन आला, "बेन, सस्तं आहे, घ्या." तिने पाहिलं तर त्यावर तिच्याच सासऱ्याच्या नावाची पट्टी. त्या दिवशी तिने ठरवलं की यापुढे सरळ रोख द्यायची. त्यांना जे हवं ते त्यांनाच माहीत असणार. गावोगावची वीस घरं निवडली, त्यात सुभद्राबाईचं एक. चैत्रात तीन हजार आणि दसऱ्याआधी तीन हजार. अट काहीच नव्हती.

अट घातली ती दिलीपने. दिलीप साताऱ्याकडचा, बँकेत नोकरीला. रविवारी ट्रस्टचं काम फुकट करायचा. माणूस चांगला होता, पण त्याला रकाने आवडत. त्याने एक फॉर्म छापून घेतला. "रक्कम कशासाठी वापरली" हा एक रकाना आणि "उत्पन्नात झालेली वाढ" हा दुसरा. शंभराच्या तीस नोटा सुभद्राबाईच्या हातात ठेवताना तो म्हणाला,

"आजी, हे खाऊन नका टाकू. एखादी बकरी घ्या. बकरी वाढते."

"खाल्लेलंही वाढतं, भाऊ," सुभद्राबाई म्हणाली. "या सुनेकडे बघा, आमच्या घरी आल्यापासून तीन वर्षं वाढायची थांबलीये."

"आत्याबाई!" प्रमिला ओरडली. दिलीप हसला आणि त्याने रकान्यात पेन्सिलने बारीक "बकरी" लिहून ठेवलं.

पैसा घरात आला तो आवाज न करता. आठ दिवस काही घडलंच नाही, आणि तेच घडणं होतं. भटूला ताप आला तर तो दोन दिवस पडून राहिला. आधी तो तापातच कामावर जायचा. प्रमिलाने पहिल्यांदा एक किलो तेल एकदम आणलं. दुकानदाराने छोटी पुडी काढून ठेवली होती, ती त्याला परत फळीवर ठेवावी लागली. झोपडीवर चार पत्रे चढले. सुभद्राबाई त्यांच्याखाली उताणी पडून राहायची. वरून उजेड येत नव्हता. इतकी वर्षं छपराच्या भोकांतून येणारं आभाळ आता बाहेर गेलं होतं, आणि ते बघायला बाहेर जावं लागत होतं, याची तिला मजा वाटायची.

उरलेल्या पैशांवरून वाद झाला.

"बकरी घेऊ," भटू म्हणाला. "तो साहेब बघायला येणार आहे. बकरी दिसली तर दसऱ्याचे पैसे नक्की. माय, नीट ऐक. तापीच्या पात्रात पाणी उतरलं की गाळाचा तुकडा मिळतो. काकडी, वांगी, टरबूज. मी बोलून ठेवलंय. दसऱ्याला रोख मोजली की वाडी आपली. दुसऱ्याची खुरपणी बंद."

"आणि आखाजी?"

प्रमिलाने भाकरी उलटली.

"वन्संला आणा," ती चुलीकडे बघतच म्हणाली. "बकरीला काय, ती पुढच्या महिन्यातही मिळेल. वन्संची सासू पुढच्या वर्षी जगते की नाही कोण जाणे. तिच्या डोळ्यांदेखत न्यायला हवं."

सुभद्राबाईने सुनेकडे पाहिलं. ही मुलगी आपल्याला आवडते हे तिला कळायला तीन वर्षं लागली होती.

भटू मुराळी होऊन भुसावळ पॅसेंजरने गेला. तिसऱ्या दिवशी पाटाच्या कडेकडेने येताना दिसला. मागे उषा, डोक्यावर गाठोडं, आणि तिचं बोट धरून सहा वर्षांची हर्षदा. सुभद्राबाई धावली नाही. तिला वाटलं होतं आपण धावू. ती जागच्या जागी उभी राहून पदराने हात पुसत राहिली, हात कोरडेच होते.

उषा जाडजूड झाली होती. आवाजही मोठा झाला होता. आईच्या पाया पडून ती उठली आणि म्हणाली, "काय वं माय, यंदा काही मोडलं नाही वाटतं?"

"कसलं मोडलं? काय मोडलं?" भटू तापला होता. "माय, तू मला मारशील एक दिवस. मी तिच्या ओट्यावर पाय ठेवला आणि सासूबाई विचारते, पाय बरा का आता? मला काय माहीत! मी म्हटलं, बरा आहे. ती म्हणते, लंगडत नाही तो? मग मी लंगडलो."

"दोन दिवस?" प्रमिलाने विचारलं.

"दोन दिवस! पहिल्या दिवशी डाव्या पायाने लंगडलो."

"आणि दुसऱ्या दिवशी उजव्या," हर्षदा म्हणाली. "मी आजीला सांगितलं, मामाचे दोन्ही पाय मोडले होते."

सुभद्राबाई हसायला लागली आणि तिला थांबता येईना. उषाही हसत होती. हसता हसता दोघी एकमेकींच्या गळ्यात पडल्या, आणि त्यातलं किती हसणं होतं हे कुणी पाहिलं नाही, कारण प्रमिलाने सगळ्यांना पाणी भरायला पिटाळलं.

आखाजीच्या दिवशी सकाळी पितरांची घागर भरली. मग चुलीवर पालथं खापर चढलं. उषा आणि प्रमिला मांडे करायला बसल्या. पुरणाचा उंडा दोन्ही हातांवर फिरवत कोपरापर्यंत वाढवायचा आणि फाटायच्या आत खापरावर टाकायचा. उषाचे हात ते विसरले नव्हते. पाटीभर देशी आंबे रसासाठी पिळले होते आणि हर्षदा कोयी चोखत अंगभर पिवळी झाली होती. पाटलाच्या बांधावरच्या कडुनिंबाला दोर बांधून झोका केला. कोसाडातल्या आणखी चार-दोन खानदेशी बाया आल्या. आखाजीला बायांनी झोक्यावर गाणी म्हणायची आणि पुरुषांनी पत्ते खेळायचे, पैसे लावून. वर्षात त्या एकाच सणाला जुगाराला कुणी नाव ठेवत नाही. भटू आणि शेजारचा धुडकू पोत्यावर तीन पत्ती मांडून बसले.

उषा झोक्यावर उभी राहिली, दोर पकडून तिने पायांनी हेलकावा दिला आणि भाऊ न्यायला का आला नाही असं विचारणारं, स्वतः जुळवलेलं गाणं मोठ्याने म्हणू लागली,

"एक साल पाय मोडना, एक साल ताप वं माय,
एक साल प्लेग उना, भाऊ काबर नही उना वं माय?"

बाया खिदळल्या. सुभद्राबाईने तोंडाला पदर लावला. नऊ वर्षांचं तिचं खोटं आता झाडाच्या फांदीवरून सगळ्या गावावर झुलत होतं. तिला लाज वाटायला हवी होती. त्याऐवजी पाठीवरचं ओझं कुणी उचलून फेकावं तसं हलकं वाटलं. ती उठली, लेकीला खाली उतरवून स्वतः झोक्यावर बसली. "दे," म्हणाली, "जोरात दे."

तेवढ्यात दिलीप आला.

अक्षय तृतीया म्हणजे सण, आणि सणाच्या दिवशी माणसं घरी सापडतात, असा हिशोब करून त्याने बँकेतून रजा घेतली होती. स्कूटर बांधाला लावून तो फॉर्मची पिशवी घेऊन वळला आणि तिथेच थांबला. म्हातारी झोक्यावर होती. तिचा मुलगा पोत्यावर पत्ते पिसत होता, पुढ्यात नाण्यांचा ढीग. आंब्यांच्या सालींचा खच पडलेला आणि दोरीवर नवं लुगडं वाळत होतं. त्याच्या गावी अक्षय तृतीयेला लोक देवाला आंबा वाहून शांतपणे जेवतात.

"हे... हे काय चाललंय?" त्याने विचारलं.

"आखाजी," भटू उठून म्हणाला. हातातले पत्ते त्याने घाईने पाठीमागे नेले. त्यात तीन राण्या आल्या होत्या, हे तो पुढे कित्येक दिवस सांगत होता.

"बकरी कुठे आहे?"

प्रमिला पुढे झाली. "चरायला गेलीये साहेब. ती काय, ती पाटाकडे."

सगळ्यांनी पाटाकडे पाहिलं. खरंच तिथे एक बकरी होती. दिलीपचा चेहरा उजळला, त्याने पेन काढलं.

"ती माझी आहे!" धुडकू ओरडला. त्याला पैसे, फॉर्म यातलं काहीच ठाऊक नव्हतं. त्याला एवढंच कळलं की त्याच्या बकरीकडे बोट दाखवून एक साहेब काहीतरी लिहून घेतोय. "माझी आहे ती! माझ्या बकरीला कुठे लिहिताय?"

"धुडकूभाऊ, तुझी ती काळी," प्रमिला दातओठ खात म्हणाली. "ही आमची."

"काळीच तर आहे ही!"

दिलीपने पेन बंद केलं. भटू आईकडे पाहत होता. त्याच्या डोळ्यांत अख्खी वाडी होती, काकडीच्या वेलांसकट. काहीतरी बोल, असं ते डोळे म्हणत होते. बकरी मेली म्हण, चोरीला गेली म्हण. नऊ वर्षं तू दर साली एक कारण काढलंस, एवढं एक काढ.

सुभद्राबाई झोक्यावरून उतरली. दोर धरून थोडा वेळ उभी राहिली, कारण जमीन अजून हलत होती.

"बकरी नही लिधी, भाऊ," ती म्हणाली. "आंडेर आनी." आणि त्याला नीट कळावं म्हणून पुन्हा सांगितलं, "लेक आणली. ही माझी उषा. नऊ वर्षांनी आली."

दिलीपने उषाकडे पाहिलं. तिच्या कोपरापर्यंत पुरणाचं पीठ होतं. त्याने हात जोडले, कारण काय करावं ते त्याला सुचलं नाही. मग खाली मान घालून रकान्यात लिहिलं. "सण. जुगार चालू. उत्पन्नात वाढ नाही." लिहिताना तो खूष नव्हता. जाताना म्हणाला, "आजी, मी हेच कळवणार. दुसरा हप्ता थांबवावा असंही कळवावं लागेल."

"कळवा," सुभद्राबाई म्हणाली. "पण मांडा खाऊन जा. लेकीच्या हातचा आहे."

तो उभ्या उभ्या दोन मांडे खाऊन गेला.

भटू पत्ते टाकून पाटाकडे निघून गेला. उषा आईजवळ येऊन बसली. "माझ्यापायी भाऊची वाडी गेली. हे लुगडं परत कर, माय. जेवढं येईल तेवढं येईल."

"गप," सुभद्राबाई म्हणाली. "नेसलेलं लुगडं कोण घेतं? आणि घेतलं तरी तुझी सासू काय बघेल, बकरी?"

पाचव्या दिवशी उषाचा नवरा मारुती न्यायला आला. त्याला टोपी-टॉवेल दिला, लेकीची ओटी भरली, शिदोरी बांधली. स्टेशनवर गाडीच्या खिडकीतून उषा म्हणाली, "माय, पुढच्या वर्षी नाही जमलं तर नाही जमलं म्हण. मी काय रुसणार नाही." गाडी उधन्याकडे गेली, आणि सुभद्राबाई फलाटावर बराच वेळ नुसती बसून राहिली. तिला काही वाईट वाटत नव्हतं. पोट भरलेल्या माणसासारखी ती बसली होती.

पावसाळा गेला. पत्र्यांनी एक थेंब आत येऊ दिला नाही. तापीचं पाणी उतरायला लागलं तसा भटू संध्याकाळी पुलावर जाऊन उघड्या पडणाऱ्या गाळाकडे बघून येऊ लागला. दसऱ्याला दहा दिवस असताना ट्रस्टचं बोलावणं आलं.

सुभद्राबाई एकटीच गेली. गोपीपुऱ्यातलं जुनं घर. दारात चपला काढून आत गेली तर मंछाबेन लाकडी हिंदोळ्यावर बसून भाजी निवडत होती. खुर्चीत दिलीप होता, त्याच्यापुढे फॉर्मची चळत. मंछाबेन साठीची, जाड चष्म्याची. तिने सुभद्राबाईला खालून वर पाहिलं.

"बेसो, मासी. आ तमे छो? झोक्यावाली?"

सुभद्राबाई खाली बसली.

"दिलीपभाई म्हणतात तुम्ही पैसे जुगारात घातले."

"मी तसं नाही लिहिलं," दिलीप म्हणाला. "जुगार चालू होता असं लिहिलं."

"मुलाचे पाच रुपये गेले," सुभद्राबाई म्हणाली. "पत्ते चांगले आले होते, पण साहेब आले."

मंछाबेनचा हात भाजीतच थांबला. मग ती हसायला लागली. हिंदोळा हलला, शेंगा खाली सांडल्या. "दिलीपभाई! आमच्यात गोकुळाष्टमीच्या सातम-आठमला काय होतं माहीत आहे? ज्यांच्या नावाचा हा ट्रस्ट, ते माझे सासरे, सातमला पत्त्यांना बसायचे आणि आठमला उठायचे. एका वर्षी सासूबाईंची बांगडी हरले. त्यांचा फॉर्म कुणी भरला नाही!" चष्मा काढून तिने डोळे पुसले. मग वेगळ्या आवाजात विचारलं, "मुलगी खूष झाली?"

"जाडी झालीये," सुभद्राबाई म्हणाली. "गाते मोठ्याने. मला शिव्या घालते गाण्यातून."

"पुढच्या आखात्रीजला, तुमच्या आखाजीला, परत आणणार?"

"जमलं तर. नाही जमलं तर तसं सांगेन तिला."

मंछाबेनने मान डोलावली आणि हात पुढे केला. दिलीपने टेबलाच्या खणातून पाकीट काढून तिला दिलं, तिने ते सुभद्राबाईच्या हातात ठेवलं. दिलीपलाही बरं वाटत असावं, त्याचा चेहरा सैल झाला होता. तरी त्याने नवा फॉर्म पुढे ओढला. पेनचं टोपण उघडलं.

"आजी, आता एवढंच सांगा. या पैशांचं काय करणार? काहीही सांगा, मी लिहितो. फक्त रकाना मोकळा नको."

सुभद्राबाईकडे सांगण्यासारखं होतं. तापीच्या पात्रातला गाळाचा तुकडा होता, काकडी होती, वांगी होती. त्या रकान्यात ते इतकं छान बसलं असतं की दिलीपने उठून तिच्या पाया पडायचं तेवढं बाकी ठेवलं असतं. पण उद्या वाडीऐवजी दुसरंच काही घडलं तर आज लिहिलेलं खोटं ठरलं असतं, आणि खोटं बोलणं ती आखाजीलाच सोडून आली होती. ती त्या कोऱ्या चौकोनाकडे पाहत राहिली. त्यावर पेन थांबलं होतं, टोकाशी शाईचा थेंब जमत होता. हिंदोळ्याच्या कड्या थांबल्या. मंछाबेनही आता वाट बघत होती, शेंग अर्धी मोडलेली.

सुभद्राबाईने पाकीट पदराच्या टोकात ठेवलं, दोन गाठी मारल्या आणि ओढून पाहिल्या. गुडघ्यावर हात टेकून ती उठली. सांडलेल्या शेंगांतल्या दोन-चार उचलून तिने मंछाबेनच्या ताटात टाकल्या, दोघांना हात जोडले, दारातल्या चपला पायात सरकवल्या आणि रकाना मोकळाच ठेवून उन्हात बाहेर पडली.